शेवटच्या बाकावरून

रविवारची उपासना संपते, आशीर्वचन होतं आणि जळगावातल्या तुमच्या मंडळीची माणसं पायऱ्यांवर चपला शोधू लागतात. तुम्ही नेहमी शेवटच्या बाकावर, त्यामुळे सगळ्यांच्या आधी बाहेर. पण आज पाळकसाहेब दारातच गाठतात. "येत्या रविवारी साक्ष द्या. मोठं काही नको. धुळ्याला सिव्हिलमध्ये काय झालं तेवढंच सांगा, आणि शेवटची प्रार्थना तुम्हीच करा."

"बघू, साहेब," तुम्ही म्हणता.

आपल्याकडे 'बघू' म्हणजे काय ते साहेबांनाही कळतं आणि तुम्हालाही.

धुळ्याची ती रात्र तुम्ही विसरलेले नाही. आईच्या खाटेशी लोखंडी स्टूल, अर्धी उतरलेली सलाईनची बाटली, वर करकरणारा पंखा. आईच्या कपाळावर हात ठेवून तुम्ही हळू आवाजात प्रार्थना करत होता. अहिराणीत करत होता, कारण आई आणि देव दोघांशी एकाच दमात बोलायचं तर दुसरी कोणती भाषा तोंडात येणार? शेजारच्या खाटेवरची म्हातारी जागी होती. ती कुठल्या देवाची, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं आणि तुमचा देव कोणता, हे तिने विचारलं नाही. पदर सारखा करत ती एवढंच म्हणाली, "मनासाठे बी कर ना." तुम्ही स्टूल दोन खाटांच्या मधे ओढलं. दुसऱ्या रात्री पलीकडच्या रांगेतून एक मुलगा बोलवायला आला. तिसऱ्या रात्री ड्यूटीवरची सिस्टर राउंड संपवून तुमच्यामागे उभी राहिली, डोळे मिटून.

तेव्हापासून मंडळीत कुणी आजारी पडलं की फोन तुम्हाला येतो. तुम्ही जाता, उशाशी बसता, हात हातात घेता आणि शब्द आपोआप येतात. पौलाने रोमच्या मंडळीला कृपादानांबद्दल लिहिलं तेव्हा संदेश सांगणाऱ्याच्या आणि शिकवणाऱ्याच्या पंक्तीत त्याने बोध करणाराही बसवला आणि दया करणाराही. म्हणजे तुमच्या दानाला तिथे जागा आहे. पण तीच प्रार्थना चाळीस माणसांसमोर करायची म्हटलं की घशाला कोरड पडते. लोक काय म्हणतील ही भीती वरवरची. तिच्याखाली दुसरी आहे आणि ती जास्त जुनी आहे: व्यासपीठावरची भाषा आपल्याला येत नाही. तिथे 'हे परमदयाळू स्वर्गीय पित्या' अशी सुरुवात करावी लागते, आणि तुमची प्रार्थना तर 'बाप' या एका शब्दाने उघडते. मग तुम्ही स्वतःची समजूत घालता की आपलं दान आजाऱ्याच्या खोलीपुरतंच आहे, आणि शेवटचा बाक सोडत नाही.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला तिसरा दास मला अशा वेळी नेहमी आठवतो. त्याने धन्याचा पैसा खाल्ला नाही, उधळला नाही, जुगारात घालवला नाही. नीट खड्डा खणून पुरून ठेवला आणि धनी आल्यावर जसाच्या तसा पुढे ठेवला. कारण सांगताना म्हणाला, भ्यालो. लहानपणी शाब्बाथ शाळेत ही गोष्ट ऐकताना मला त्या दासाची दया यायची. आजही येते. पण आता हेही दिसतं की इतर दोघे धीट होते असं त्या गोष्टीत कुठेच म्हटलेलं नाही. ते लगेच उठून कामाला लागले, एवढंच सांगितलं आहे.

म्हणून म्हणतो, आज घरी जाण्याआधी माझ्याबरोबर चला. लांब नाही, याच गावात. अंतर फक्त वर्षांचं आहे.

पायरीवर उभे राहून डोळे मिटा. रिक्षांचे हॉर्न विरत जातात. पायाखाली फरशीऐवजी धूळ लागते, मऊ आणि गरम, काळ्या मातीची. डोळे उघडता तेव्हा जळगाव स्टेशनाबाहेर बैलगाड्यांची रांग आहे. गाड्यांवर कापसाचे बोंदरे, आणि सुटलेला कापूस बाभळींच्या काट्यांना चिकटून राहिलेला. खानदेश मिलचा भोंगा होतो. खांबावर तारा आहेत, पण त्या तारायंत्राच्या. साल १९०७. एका खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे होऊन जेमतेम वर्ष झालं आहे. पश्चिमेचा कारभार धुळ्याहून, पूर्वेचा इथून.

आज गाव नुसतं कापसाचं नाही. स्टेशनात उतरणाऱ्या माणसांच्या हातात वह्या आहेत. या गावात नारायण नरसिंह फडणीस नावाचे गृहस्थ १८८७ पासून 'काव्यरत्नावली' हे मासिक चालवतात, ज्यात कवितेशिवाय काही छापत नाहीत. वीस वर्षं. कवितेच्या जोरावर घर चालत नाही हे तेव्हाही लोकांना माहीत होतं. त्या मासिकाच्या गावात महाराष्ट्रातल्या कवींचं पहिलं संमेलन भरतं आहे. तुम्ही गर्दीबरोबर आत शिरता आणि सवयीने शेवटची जागा धरता.

अध्यक्षांच्या खुर्चीवर डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आहेत. लष्करातले डॉक्टर, वनस्पतींचे नामांकित अभ्यासक, आणि कवितेचे रसिक. भोवती पगड्या, उपरणी, जाड भिंगांचे चष्मे. वृत्त चुकलं तर कुणाच्या कपाळाला आठी पडेल हे इथून नीट दिसतं. तुमच्या पोटात तोच गोळा येतो, जो मघाशी पायरीवर आला होता.

आणि तेव्हा तुम्हाला शेजारचा मुलगा दिसतो. सोळा-सतरा वर्षांचा, अंगाने बारीक. धरणगावात जन्मलेला. वडील पोलिसात, म्हणून खानदेशातली गावं बदलत वाढलेला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे. त्याने पहिली कविता लिहिली ती नवापूरला, वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास, सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या रानांच्या मधल्या त्या गावात. मला तो असा दिसतो: गुडघे जवळ घेतलेले, तळहात पुन्हा पुन्हा धोतराला पुसत, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत. समोर मोठी माणसं. त्यांतल्या कित्येकांच्या कविता त्याने 'काव्यरत्नावली'त वाचलेल्या.

त्याच्याकडे बघून तुम्हाला वाटतं, उठू नकोस. घरी जा. वही उशाखाली ठेव. हे तुम्ही त्याच्यासाठी म्हणता की स्वतःसाठी, ते तुम्हालाच कळत नाही.

तो उठतो. आवाज आधी लागत नाही. मग लागतो. आणि त्या खोलवर बसलेल्या आठ्या हळूहळू सैल होत जातात. मुलगा म्हणतो आहे आणि वयाने तिप्पट असलेली माणसं पुढे सरकून ऐकत आहेत. संपल्यावर कीर्तिकर त्याला एक नाव देतात, आणि तेच नाव पुढे महाराष्ट्राने कायमचं धरलं: बालकवी.

टाळ्या थांबू द्या. मला तुम्हाला जे दाखवायचं आहे ते टाळ्यांनंतरचं आहे. त्या घोळक्यात पंचेचाळिशीचे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे बघा. रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१ चा, कोकणातल्या करजगावचा. ब्राह्मण कुळातले, १२ वर्षांपूर्वी ख्रिस्ती झालेले, आता अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्ये. या सभेत ते येतात, बसतात, बोलतात, ही गोष्ट आज वाटते तेवढी साधी नव्हती. फार मागे जायला नको. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून किती मोठं वादळ उठलं! रानडे आणि लोकमान्यांसारख्यांनाही त्या एका पेल्यापायी प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं. ख्रिस्ती माणसाच्या घरच्या पाण्याला ही किंमत असलेला तो काळ.

आणि हा ख्रिस्ती माणूस पुढे त्या ब्राह्मण मुलाला आपल्या नगरच्या घरी नेतो. ठोंबरे टिळकांच्या घरात राहतो, टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या हातचं जेवतो, त्यांच्या मायेत वाढतो. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त त्याच्याबद्दल लिहिलं आहे. ती पानं वाचताना जाणवतं की त्या घराला त्याची कविता जेवढी हवी होती, तेवढाच तोही हवा होता. टाळ्या एका दुपारच्या असतात. दान जगायचं तर त्याला दोन वेळचं जेवण लागतं, रुसवा काढणारं कुणी लागतं, आणि रात्री उशिरा 'वाच पाहू' म्हणणारा माणूस लागतो.

प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबा भेटतो, ज्याच्या नावाचा अर्थ आपल्या मराठी शास्त्रात 'बोधपुत्र' असा दिला आहे. यरुशलेमची सारी मंडळी शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, भीत होती, तेव्हा त्याचा हात धरून प्रेषितांपुढे नेणारा हाच. बर्णबाने लिहिलेलं पत्र म्हणून आपल्या शास्त्रात एकही नाही, आणि ज्याचा हात त्याने धरला त्याच्या पत्रांशिवाय आपलं शास्त्र पुरं होत नाही. टिळक स्वतः मोठे कवी, फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण त्या दिवशी जळगावात त्यांनी जे दान वापरलं ते बर्णबाचं होतं, असं माझं मत आहे.

आता सभेतून बाहेर पडा. मुद्दाम जुन्या गावाच्या बाजूने जाऊ. चौधरीवाड्याशी जरा थांबा. आतून जात्याची घरघर येते आणि तिच्यावर एक बाईचा आवाज. असोद्याची लेक, तेराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आलेली, आता सत्तावीस वर्षांची. बहिणाबाई. लिहिता-वाचता येत नाही. दळताना ओवी सुचते, ती जात्यात पडते, पीठ होऊन निघते, संध्याकाळी भाकरी होते. तिची लेवा गणबोली त्या सभेतल्या एकाही वहीत नाही. महाराष्ट्रभरचे कवी या गावात जमले आहेत आणि तिला कुणी बोलावलेलं नाही. बोलवायचं असतं हेच कुणाला माहीत नाही.

ती गात राहते. पुढे तिचा मुलगा सोपान त्या ओव्या कागदावर उतरवून घेतो. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई जातात, मग सोपानदेव ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवतात आणि १९५२ साली पुस्तक निघतं. आज तुमच्या भागातल्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. ती ख्रिस्ती नव्हती आणि तिचं देणं ओढून आपल्या मंडळीच्या हिशेबात धरायचा माझा विचार नाही. मी तुम्हाला या दाराशी उभं केलं ते तिच्या बोलीसाठी. घरची बोली सभेत चालणार नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी या भिंतीला कान लावावा.

घरघर ऐकत राहा, म्हणजे आणखी मागे जाता येईल.

१८९३. आगगाडीचा डबा, राजनांदगावच्या वाटेवर. टिळक तिशी ओलांडलेले, पोटासाठी संस्थानात निघालेले. समोर बसलेला एक युरोपियन गृहस्थ त्यांच्याशी कवितेवर, धर्मावर बोलतो आणि उतरताना नवा करार हातात ठेवून सांगतो, दोन वर्षांच्या आत तू ख्रिस्ती होशील. टिळक पुस्तक वाचायला घेतात आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन अडकतात. पुढची दोन वर्षं म्हणजे नुसती घालमेल. श्रद्धा ठरलेली, पाऊल उचलत नाही. पत्नी जुन्या वळणाची, मुलगा दत्तू लहान, नातलग दार लावून घेणार हे उघड.

१० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत, अमेरिकन मिशनच्या देवळात, ते बाप्तिस्मा घेतात. भारतीय पाळकाच्याच हातून घेणार असा त्यांचा हट्ट, आणि रेव्हरंड तुकाराम नथूजींच्या हातून तो होतो. तुम्ही देवळाच्या मागच्या भिंतीशी उभे आहात. टिळकांचा चेहरा इथून दिसत नाही. दिसते ती त्यांच्या शेजारची मोकळी जागा, जिथे बायकोने आणि मुलाने उभं राहायचं. ती जागा काही वर्षं मोकळीच राहिली.

हे मी सविस्तर सांगतो त्याला कारण आहे. आपल्याकडे साक्ष देताना भीती गेली आणि मग पाऊल उचललं, असं सांगायची पद्धत पडली आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, आपली तर जात नाही, म्हणजे आपल्याला देवाने बोलावलेलंच नसेल. टिळकांच्या आयुष्यात मला तो क्रम दिसत नाही. ज्या गोष्टीची भीती होती ती घडली, जशीच्या तशी घडली. घर मोडलं. मग पुन्हा उभं राहिलं, पण ते नंतर.

आणि पाऊल उचलल्यावर त्यांनी काय दिलं ते पाहा. त्या काळच्या मराठी मंडळीत विलायती चालींवर बेतलेली गीतं बरीच होती, शब्द मराठी आणि श्वास परका. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधी पाडलेली होती. टिळकांनी अभंग आणला, ओवी आणली, भजन आणलं. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो असं ते मानत आणि ती वाट त्यांनी लपवली नाही. तुम्ही दर रविवारी शेवटच्या बाकावरून 'उपासना-संगीत' उघडून जी गीतं गाता, त्यांतली कितीतरी त्यांची. तेव्हा ती नवी होती. देवळात हे शोभेल का, असा प्रश्न त्या चालींनाही विचारला गेलाच असेल. आज तुमची अहिराणी ज्या उंबऱ्यावर अडली आहे, तो उंबरा त्यांच्या अभंगाने एकदा ओलांडलेला आहे.

आता राहुरी. साल १९००, दुष्काळाचं. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या आहेत, पण सोवळं सोबत घेऊन. चूल वेगळी, पाणी वेगळं. त्यांना घरातूनच हे मिळालेलं: वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाहेरून आलेलं मीठसुद्धा धुवून घ्यायचे. लहानपणापासून अंगात भिनलेली ती भीती होती, दुसऱ्याच्या हाताची भीती. टिळक जबरदस्ती करत नाहीत. त्यांच्या स्वभावातला राग प्रसिद्ध आहे, पण या एका बाबतीत ते वाट बघतात. आणि एक दिवस लक्ष्मीबाईंच्या मनातच प्रश्न उठतो, की हे भेद केले कुणी? देवाने की माणसाने? उत्तर त्यांनाच सापडतं, आणि त्या ठरवतात की यापुढे कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. बाप्तिस्मा त्यानंतर, त्याच साली.

तो एक तांब्या डोळ्यांपुढे आणा. पितळी, बाहेरून ओला. दुसऱ्या कुणाच्या हातातून त्यांच्या हातात येतो. तांब्या तोंडाला लावण्याआधी त्या क्षणभर थांबल्या असतील, असं मला वाटतं. पुढे हेच हात अनाथ मुलांना न्हाऊ घालतात, आजाऱ्यांची अंथरुणं बदलतात आणि ठोंबऱ्याच्या ताटात वाढतात. त्या तांब्याशिवाय यातलं काहीच झालं नसतं.

इथून सरळ १९१८ ला येतो. जागा तुमच्या ओळखीची: भादली. जळगावहून भुसावळकडे जाताना लागणारं छोटं स्टेशन. ५ मे. ऊन रुळांवर लखलखतं आहे. मी तुम्हाला जवळ नेत नाही. रूळ ओलांडताना गाडीखाली सापडून बालकवी इथे गेले. वय २७. त्या दुपारी जळगावात तो उठला नसता, मोठ्या माणसांच्या आठ्यांना भिऊन पुढच्या खेपेला बघू म्हणाला असता, तर पुढच्या खेपा फार नव्हत्या. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ ला, मुंबईत टिळक गेले.

त्यांच्यामागे कागदांची एक थप्पी उरली. 'ख्रिस्तायन', येशूचं चरित्र ओवीत. टिळकांनी सुरुवातीचे अध्याय केले आणि काम तिथेच राहिलं. आता त्या थप्पीसमोर लक्ष्मीबाई बसल्या आहेत. पन्नाशी उलटलेली. शाळेचा उंबरा कधी न ओलांडलेली, नवऱ्याने शिकवलं तेवढं वाचणारी बाई. नवरा महाराष्ट्राचा मान्यवर कवी, त्याची अर्धी ओळ पुढे पडलेली. ती पुरी करायला किती धैर्य लागलं असेल! कुणीही म्हटलं असतं की हे तुमचं काम नव्हे, बाई. त्यांनी ६४ अध्याय लिहिले. शेवटचा त्यांच्या मुलाने, त्याच दत्तूने म्हणजे देवदत्तने, पुरा केला. पुस्तक छापून आलं तेव्हा त्या हयात नव्हत्या.

आणि 'स्मृतिचित्रे'? तेही मागून घेतलेलं. देवदत्तला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्याने आईला आठवणी सांगायला लावल्या. आई बोलते तशी लिहीत गेली. १९३४ पासून ते भाग पुस्तकरूपाने येऊ लागले आणि मराठी गद्यात असं कुणी लिहिलं नव्हतं हे वाचणाऱ्यांच्या लक्षात आलं. त्यात व्यासपीठाची भाषा नाही. स्वयंपाकघरातली आहे, ओसरीवरची आहे. तिला लाज वाटली असती तर तिने ती घासून-पुसून 'शुद्ध' केली असती आणि आपण आज ते पुस्तक उघडलंही नसतं.

फिरून बघा, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी विचारणारं होतं. ठोंबऱ्यासाठी टिळक. बहिणाबाईंसाठी सोपान. लक्ष्मीबाईंसाठी आधी नवरा, मग मुलगा. पौलाने तीमथ्याला लिहिलं तेही असंच एक विचारणं आहे. तरुण, बुजरा, बहुधा पोटाच्या दुखण्याने बेजार तीमथ्य. पौल त्याला मिळालेलं कृपादान पुन्हा पेटवायला सांगतो, राखेखालच्या निखाऱ्यावर फुंकर घालावी तसं. पण त्याच्या आधी तो काय आठवण करून देतो? तुझी आजी लोईस, तुझी आई युनीके. तुझा विश्वास आधी त्यांच्या घरात राहिला. लोईस आजी नातवाशी कोणत्या बोलीत देवाबद्दल बोलली असेल, याचा मी कधी कधी विचार करतो. ती व्यासपीठाची नक्कीच नसणार.

पश्चिमेकडे एकदा नजर टाका, मग परत फिरू. ठोंबऱ्याने पहिली कविता लिहिली ते नवापूर, नंदुरबार, चिंचपाडा. १९०७ च्या आसपास त्या बाजूला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक नुकते आलेले आहेत, भिल्ल वस्त्यांत फिरत आहेत, बोली शिकत आहेत. आज त्याच पट्ट्यात रविवारी सकाळी मावची आणि भिल्ली बोलीत ढोलावर भजनं होतात. तिथल्या आजीबाईंना तुम्ही सांगून बघा, की प्रार्थनेला प्रमाण मराठी लागते. त्या हसतील आणि तुम्हाला बसायला गोधडी टाकतील.

डोळे उघडा.

फरशी पायाखाली परत येते. रिक्षा, दुपारचं ऊन, केळ्यांची गाडी. पायरीवर पाळकसाहेब अजून उभे आहेत, कुणाच्या तरी बाळाच्या डोक्यावर हात ठेवून. त्यांनी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही 'बघू' म्हणाला होता. परत जाऊन 'देतो' किंवा 'देते' म्हणायला नऊ पावलं लागतात. तुम्ही ती मोजता.

आठवडा कसा जातो ते सांगत बसत नाही. तुम्ही कागदावर साक्ष लिहिता, चार वेळा फाडता. शनिवारी रात्री झोप नाही. आई धुळ्याहून फोनवर विचारते, काय झालं, आणि तुम्ही काही नाही म्हणता.

रविवार. तुमचं नाव पुकारलं जातं. शेवटच्या बाकापासून पुढे जायला वेळ लागतो आणि त्या वेळात सगळे वळून बघतात. डाव्या रांगेतल्या दोन बायका एकमेकींच्या कानाशी लागतात. ढोलकीवाला पोरगा ढोलकी मांडीवरून खाली ठेवतो. हातातला कागद घामाने मऊ झालेला. धुळ्याची गोष्ट तुम्ही सांगता: स्टूल, सलाईन, म्हातारी. मधे एकदा अडखळता. आवाज दोनदा फुटतो. भीती तिथेच आहे, छातीच्या खाली डावीकडे, जशी आत येताना होती. आता प्रार्थना करायची. कागदावर पहिली ओळ लिहिलेली आहे, 'हे परमदयाळू', नीट वळणदार अक्षरात.

तुम्ही कागदाची घडी घालता आणि डोळे मिटता.

"बाप," तुम्ही म्हणता, "माले भेव लागस. पन तू शे ना."

तिसऱ्या बाकावरून, कुणा म्हातारीच्या तोंडून, हळूच 'हा माय' येतं.